भाऊजींच्या सेंटवरची बेचाळीस मतं

आमच्या भाऊजींनी आयुष्यात एकच सेंट स्वतःच्या डोक्यानं बनवला. त्यावर एकेचाळीस जणांनी कार्डावर लिहून मत दिलं आणि मी तोंडी दिलं. त्या एकेचाळीसांतले निम्मे भाऊजींना तोंडओळखीनंही ओळखत नव्हते, तरी ते खरं बोलले. मी त्यांची सख्खी वहिनी, चोवीस वर्षं एका छताखाली राहिलेली, आणि मीच तेवढी धडधडीत खोटं बोलले. का बोलले ते सांगायला बसले की मला आधी स्वतःचा राग येतो आणि मग रडू येतं, पण आता सांगतेच.

भाऊजी म्हणजे आमच्या ह्यांचे धाकटे भाऊ. वय त्रेपन्न. लग्न दोनदा जमत आलं आणि दोनदा फिसकटलं, मग त्यांनीच हात जोडून विषय मिटवला. राहतात आमच्याकडेच, मधल्या खोलीत. माणूस नाकासमोर चालणारा. सकाळी साडेआठला निघणार, संध्याकाळी सहाला जिन्यात पाऊल वाजणार, ताटात काय पडलं याची कधी तक्रार नाही. आमच्या ह्यांना राग आला की घर डोक्यावर घेतात. भाऊजींना राग येतो की नाही हेच मला अजून कळलेलं नाही. मी कधी कधी मुद्दाम भांडण उकरून काढायचे, तर म्हणायचे, "वहिनी, तुमचंच खरं." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

कामाला ते एका सेंटच्या कारखान्यात. कारखाना आपला म्हणायचा मानानं, चष्म्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या त्या. पण माल उंची. मोठ्या दुकानांत तो मिळत नाही, एका वेळी दोन-तीनशे बाटल्याच निघतात. आपल्या अंगाला येतो तो वास गावात दुसऱ्या कुणाच्या अंगाला येऊ नये, अशी हौस असलेले पुरुष तो मागवून घेतात. पहिल्या खोलीत भिंतभर तपकिरी बाटल्या, मधल्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवलेला वजनकाटा, तिसरीत भरणं आणि खोकी बांधणं. भाऊजी मधल्या खोलीत. तिथं पंखा लावायचा नाही, कारण वाऱ्यानं काटा हलतो. उकाड्यात घामाघूम होऊन हा माणूस कागदावरच्या कृतीप्रमाणे एकेक थेंब सोडत बसणार. तीस वर्षांत एक थेंब चुकला नाही. कारखान्यात त्यांना सगळे 'थेंबे' म्हणतात. नवीन आलेल्यांना ते आडनावच वाटतं.

आणि नाकाचं तर विचारूच नका. दूध उतू जायच्या आधी मधल्या खोलीतून हाक यायची, "वहिनी, दूध!" एकदा गॅसची नळी सैल झाली होती, ती त्यांनी जिन्यातच ओळखली. आमच्या ह्यांनी चोरून सिगरेट ओढली की भाऊजी बोलायचे काही नाहीत, नुसती खिडकी उघडायचे. मग पुढचं मी बघून घ्यायचे. अशा माणसाच्या नाकाला काही झालंय असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं.

आठ-नऊ वर्षांपूर्वी कारखान्यात एक नवीन माल आला. दिसायला पाणी. लाकडातून काढलेला नव्हेच, रसायनं बनवणाऱ्यांकडे तयार होणारा. कारखान्यात त्या बाटलीवर चिठ्ठी लावली होती, 'कोरडं लाकूड'. पुरुषांच्या सेंटांत तेव्हापासून तो सगळीकडे घुसला. शंभर थेंबांत एक पुरे. वास कसा सांगू? नुकतंच करवतीनं कापलेलं लाकूड आणि त्यात तापलेला पत्रा, आणि तो नाकातून थेट कपाळात जातो. पहिल्या वर्षी भाऊजी घरी येऊन आडवेच व्हायचे. "वहिनी, त्या लाकडानं डोकं धरलं हो." मग हळूहळू ते थांबलं. "झाली सवय," असं एक दिवस म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं.

त्यांना सवय झाली. आम्हाला नाही झाली. त्यांच्या शर्टाला, केसांना, उशीच्या अभ्र्याला तो वास यायला लागला. आंघोळीनं जायचा नाही, साबणानं जायचा नाही. मी त्यांचे कपडे वेगळे भिजवायला लागले, गॅलरीत वेगळ्या दोरीवर वाळत घालायला लागले. भाऊजी शेजारच्यांना कौतुकानं सांगायचे, "वहिनी माझ्या कपड्यांना किती जपतात बघा. इतरांच्यात मिसळूसुद्धा देत नाहीत." आणि मी मेली चिमटे लावत गप्प उभी.

त्यातून आमची ठकी. एकुलती एक लेक. लहानपणी काकाच्या खुर्चीला खुर्ची भिडवून गृहपाठ करायची. गणित अडलं की आईला नाही, बापाला नाही, काकालाच हाक. वास यायला लागल्यावर तिची खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि मग पुस्तकांसकट आतल्या खोलीत गेली. "आई, काकाजवळ बसलं की डोकं ठणकतं गं," मला म्हणाली. मी म्हटलं, "काकाला बोलायचं नाही हं. त्याचं काम आहे ते. उगाच मनाला लावून घेईल." झालं, तेव्हा आमच्या घरात जे तोंडाला कुलूप लागलं ते लागलं. भाऊजींनी आपला आपणच अर्थ लावला. "मोठी झाली ठकूबाई. आता काका कशाला लागतोय!" असं हसत म्हणायचे, पण तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचे.

गेल्या वर्षी कारखान्याच्या मालकीणबाईंनी भाऊजींना बोलावून घेतलं. कृती लिहिणारे त्यांचे वडील गेले, त्यानंतर बाई बाहेरून कृती आणायच्या. म्हणाल्या, "थेंबे, तीस वर्षं दुसऱ्यांच्या कृती मोजल्यात. आता एक तुमची करा. पुरुषांसाठी, वुडी ओरिएंटल. लोकांना आवडली तर बाटलीवर तुमचं नाव आणि पुढच्या कृतीही तुमच्याच. नाही आवडली तर काटा आहेच." भाऊजी त्या दिवशी जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढले. बावन्नाव्या वर्षी! मला तीनदा सांगितलं, ह्यांना चारदा. वुडी ओरिएंटल म्हणजे काय तेही समजावलं. चंदन, देवदार, राळ, दालचिनी, असा उबदार, जरा गोडसर, लाकडाचा वास. "वहिनी, बाटलीवर नाव!" म्हणाले आणि स्वतःशीच लाजले.

मग आठ महिने हा माणूस भुतानं झपाटल्यासारखा. कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या घरी आणायचे, एकेक टोक सेंटात बुडवलेलं, त्यावर नंबर. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला कपड्यांच्या चिमट्यांनी टांगून ठेवायचे. मी कांदा चिरायला घेतला की "वहिनी, पाच मिनिटं थांबा" म्हणत पट्ट्या उचलून गॅलरीत पळायचे. मी वैतागायचे, ओरडायचे, म्हणायचे, "ह्या घरात आता माणसांनी जेवायचं की हुंगायचं?" पण खोटं कशाला बोलू, मलाही मजा यायची. घरात इतकं उत्साहात कुणी कधी काही केलंच नव्हतं.

सतरा नंबरची पट्टी आणली त्या दिवशी रविवार होता, दुपारचे बारा. मी पोळपाट धुवत होते. भाऊजी समोर येऊन उभे राहिले, पट्टी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "वहिनी, हा घ्या. आणि खरं सांगा. तुम्ही तोंडदेखलं बोलत नाही म्हणून तुम्हालाच विचारतोय."

मी हात पुसले, वास घेतला. पहिला क्षण, काय सांगू, माझे डोळेच मिटले. जुन्या लाकडी कपाटात कुणी दालचिनी ठेवून विसरलंय आणि आज इतक्या वर्षांनी दार उघडलंय, असा. ऊब होती त्यात. एवढं चांगलं हा माणूस करू शकतो हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. आणि मग मागून ते आलं, कोरडं लाकूड, आणि आलं ते बाकीच्या सगळ्यांना ढकलून आलं. कपाळात खिळा ठोकल्यागत. मी श्वास रोखून धरला.

"खटकतंय काही?"

त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि माझं धाडसच झालं नाही. म्हटलं, मला काय कळतंय? आयुष्यभर फोडणीचा वास घेतलेली बाई मी. उंची सेंट लावणाऱ्या पुरुषांना असंच लागत असेल. आणि आठ वर्षं जे तोंडातून काढलं नाही ते आजच, ह्या आनंदाच्या दिवशी काढू? "छान आहे हो," म्हटलं. "खरंच छान आहे."

"मला खालचा आधार जरा कमी वाटतोय. कोरड्या लाकडाचे आणखी दोन थेंब घालू का?"

"घाला की, तुम्हाला वाटतंय तर."

हे मी म्हणाले. ह्याच तोंडानं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, बाई आहे का कैदाशीण.

कारखान्याची रीत अशी की नवीन सेंट बाटलीत भरायच्या आधी बोटाएवढ्या छोट्या कुप्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना आणि दुकानदारांना पाठवायच्या, सोबत एक कार्ड. त्यावर चार रकाने. लावल्या लावल्या, तासाभरानं, संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी. एकेचाळीस कुप्या गेल्या. पंधरा दिवसांत एकेचाळीसच्या एकेचाळीस कार्डं परत आली, आणि मालकीणबाई म्हणाल्या, असं आधी कधी झालं नव्हतं. भाऊजींना वाटलं, हा चांगला शकुन. कार्डं खाकी पाकिटात घालून घरी घेऊन आले, टेबलावर मांडली आणि आम्हा तिघांना बसवून मोठ्यानं वाचायला लागले.

पहिला रकाना ऐकताना आमचे हे ताठ बसले. 'वा.' 'अप्रतिम.' 'आजोबांच्या लाकडी पेटीची आठवण झाली.' 'बायकोनं मान वळवून विचारलं, कोणता?' एका निवृत्त न्यायाधीशांनी तर लिहिलं होतं, 'निकाल बाजूनं.' भाऊजी एकेक वाचायचे आणि माझ्याकडे बघायचे, बघा, तुम्ही म्हणालात तसंच.

मग दुसरा रकाना. 'कुणीतरी शेजारच्या खोलीत वेल्डिंग करतंय का?' 'चंदन कुठं गेलं?' 'टॅक्सीवाल्यानं विचारून चारी काचा खाली केल्या.' एका न्हाव्यानं लिहिलं होतं, 'गिऱ्हाइकं विचारतात, दुकानाला रंग दिला का.' तिसरा रकाना त्याहून वाईट. 'डोकं दुखतंय.' 'अजून डोकं दुखतंय.' एका कार्डावर तिसऱ्या रकान्यातलं अक्षरच वेगळं, गोल गोल, बाईचं. 'मी यांची पत्नी. हे आज बाहेरच्या खोलीत झोपणार आहेत.' ह्यावर आमचे हे फस्सकन हसले. मी टेबलाखालून पाय मारला. चौथ्या रकान्यात बहुतेकांनी शर्ट किती वेळा धुतला ते लिहिलं होतं.

सगळ्यांनीच शिव्या दिल्या असं नाही. चौघांना आवडला. एकानं लिहिलं होतं, 'दमदार. गर्दीत जागा होते.' भाऊजींनी ते कार्ड वेगळं काढून ठेवलं. त्या बिचाऱ्याला कळलंही नाही की गर्दीत जागा का होते.

"तिखट म्हणतायत," भाऊजी म्हणाले. "दालचिनी जास्त झाली."

ठकीनं माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी दटावलं. तेव्हा तरी बोलायचं! पण नाही. भाऊजींनी दालचिनी निम्मी केली. मग चंदन बदललं. मग म्हणाले, स्पिरिटात मुरला नाही, महिनाभर मुरू दे. पुन्हा बारा जणांना कुप्या पाठवल्या आणि बारा जणांनी पहिल्यापेक्षा वाईट लिहिलं. साहजिक आहे हो. वरचं पांघरूण काढून घेतल्यावर ते लाकूड उघडंच पडलं. भाऊजी रोज संध्याकाळी कार्डं मांडून बसायचे, पेन्सिलीनं शब्दांखाली रेघा मारायचे. वजन उतरलं. एकदा मला म्हणाले, "वहिनी, तीस वर्षं काढली यात. ते जे म्हणतात ते मला दिसतच नाही. जागा सांगा म्हणावं, कुठं आहे ते." माझे हात पिठात होते, मी तशीच मळत राहिले.

मालकीणबाईंनी मुदत दिली. सोमवारी ठरवायचं, भरायचा की मोडीत काढायचा. शनिवारी सकाळी भाऊजी आंघोळ करून टेबलाशी बसले आणि म्हणाले, "मी सोमवारी सांगणार आहे की भरा. इतके लोक चुकत असतील, पण वहिनी चुकणार नाहीत. तुम्ही म्हणालात छान आहे. मी त्यांना तसंच सांगेन."

त्यावर माझा धीर सुटला. म्हटलं, "नका सांगू. भाऊजी, मी खोटं बोलले. त्यात ते कोरडं लाकूड फार झालंय. फार म्हणजे फारच. सगळे तेच म्हणतायत. कुणाला त्याचं नाव माहीत नाही, एवढंच."

"त्यात? त्यात ते जेमतेम आहे."

"नाही हो."

"वहिनी, ते मला येतच नाही इतकं कमी आहे." आणि हे बोलता बोलताच ते थांबले. मग उठून खोलीत गेले आणि एक छोटी तपकिरी बाटली घेऊन आले. आत नुसतं कोरडं लाकूड, बिनमिसळीचं. घरी प्रयोगाला आणलेलं. बूच काढलं, नाकाशी धरलं, लांब श्वास घेतला. पुन्हा घेतला. "पाणी आहे," म्हणाले. "कारखान्यातून पाणी भरून आणलं की काय मी?" आणि बाटली माझ्यापुढे केली.

मला नाटक करायला वेळच मिळाला नाही. माझी मान आपोआप मागे गेली, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, मी ओट्याला धरलं. भाऊजी माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच बूच लावलं. घट्ट लावलं, पुन्हा एकदा फिरवून बघितलं.

"आमच्यात म्हणतात, एखाद्या मालाला नाक मरतं," ते म्हणाले. "मला वाटायचं, मेलं तर कळेल की."

मी खुर्चीत बसले. ते उभेच.

"म्हणजे माझ्या अंगाला येतो हा?"

"हो."

"कधीपासून?"

"सात-आठ वर्षं झाली."

"कपडे वेगळे धुता ते..."

"हो."

"आणि ठकी?" हे विचारायला त्यांना वेळ लागला. "ती लांब बसते ते यामुळे?"

मला हो म्हणवेना, मी मान हलवली. भाऊजींचा चेहरा एकदम उजळला. मी शपथेवर सांगते, उजळला. "म्हणजे मी नाही! मला वाटायचं, तिला माझी लाज वाटते. कारकून काका, मोजणारा. म्हणजे वासच आहे तो नुसता!" आणि मग ते तसेच हसऱ्या चेहऱ्यानं खाली बसले, आणि पुढचा प्रश्न त्यांना सुचलेला मी डोळ्यांनी बघितला. "त्या बाई," ते म्हणाले. "दुसऱ्या वेळी जमत होतं त्या. सात वर्षं झाली त्याला. दोनदा भेटल्या, चांगल्या बोलल्या, तिसऱ्यांदा नको म्हणाल्या. कारण सांगितलं नाही."

"ते मला माहीत नाही हो. खरंच माहीत नाही." आणि हे खरं होतं. पण त्या दिवशी माझं खरं कोण खरं धरणार होतं?

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणायला हवं होतं, वहिनी, तोंड शिवलं होतं का तुमचं? आठ वर्षांत एकदा, एका वाक्यात सांगता आलं नाही? मी मनातल्या मनात त्यांच्या बाजूनं मला सगळ्या शिव्या दिल्या. ते म्हणाले, "तुम्हाला किती त्रास झाला असेल इतकी वर्षं." बस, एवढंच म्हणाले.

त्याच दुपारी त्यांना नाकाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी उजेड पाडून आत बघितलं, मग डोळे मिटायला सांगून एकेक कुपी हुंगायला दिली. कॉफी, लवंग, साबण, लिंबू. भाऊजींनी सगळी ओळखली, शिवाय लिंबाची कुपी जुनी झालीय हेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, नाक उत्तम आहे, तेवढी एकच जागा गेलीय. औषध नाही. त्या मालापासून वर्ष-दोन वर्षं लांब राहिलात तर कदाचित परत येईल, कदाचित नाही येणार. आमच्या ह्यांनी विचारलं, "लांब म्हणजे?" डॉक्टर म्हणाले, "नोकरी बदलायची." त्रेपन्नाव्या वर्षी थेंब मोजणाऱ्या माणसाला दुसरीकडे कुठं काय मोजायला देतात, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

सोमवारी सतरा नंबर मोडीत निघाला. मालकीणबाई चांगल्या आहेत, काही लागट बोलल्या नाहीत. भाऊजींनीच सगळं सांगितलं आणि वर विचारलं, मी काट्यावर राहू ना? वजनाला नाक लागत नाही. त्या म्हणाल्या, राहा. म्हणजे रोज पुन्हा तेच कोरडं लाकूड, थेंब थेंब.

घरी त्यांनी आपली खुर्ची उचलून खिडकीशी नेली. ठकी पुस्तकं घेऊन मुद्दाम त्यांच्याशेजारी जाऊन बसली, डोळे लाल, ओठ घट्ट. दहा मिनिटांत तेच उठले. "तू बस गं. मला जरा पाय मोकळे करायचेत." ती म्हणाली, "काका, मला चालतं." ते म्हणाले, "चालत नाही, बाळा. आता मला माहीत आहे ना." ती आत जाऊन रडली. मी बाहेर रडले. आमचे हे पेपर उलटा धरून बसले.

आता ते कारखान्यातच कपडे बदलतात. तिथल्या मोरीत दोनदा साबण लावून आंघोळ करतात, मग निघतात. तरी येतोच. तो कातडीत मुरलाय की केसांत, कुणास ठाऊक. सहाला जिन्यात पाऊल वाजतं, पण पाऊल दारापर्यंत येत नाही. पाच-सहा पायऱ्या खाली ते थांबतात. चोवीस वर्षं ज्या घरात सरळ आत येत होते, त्या घराच्या जिन्यातून विचारतात, "वहिनी, येतोय का हो?"

पहिल्या दिवशी मी शहाण्यासारखं खरं बोलले. आता खोटं नाही, असं ठरवलं होतं ना. म्हटलं, "येतोय थोडा, पण तुम्ही या आत." ते म्हणाले, "बसतो जरा वाऱ्याला." आणि जिन्यातच बसले, डबा मांडीवर घेऊन. शेजारचे वर-खाली करतात तेव्हा अंग चोरून बाजूला होतात. दहा मिनिटांनी हाक आली, "आता?" मी दारात जाऊन वास घेतला. तेवढाच होता. "अजून आहे," म्हटलं. पुन्हा दहा मिनिटांनी, "आता?" त्यांना स्वतःला कळायचा काही मार्ग नाही. मी सांगेन तेच खरं. जेवण गार झालं, ठकी आतून बघत होती, आणि पावणेआठ वाजेपर्यंत तो माणूस स्वतःच्या घराबाहेर पायरीवर बसून मला विचारत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना एकदाच विचारू देते. लगेच सांगत नाही, नाहीतर त्यांना पटायचं नाही. दारात येते, जिन्याच्या कठड्यावरून वाकते, चांगला मोठा श्वास घेते. कपाळात कळ जाते. मग म्हणते, "गेला हो. या."

गेलेला नसतो.